कोंडलेलं मन, मोकळे हात : चिनी दिनचर्या आणि नैराश्याची गोळी



गेल्या महिन्यात ओपीडीमध्ये एक बाई आल्या होत्या. वय ४६, बँकेत नोकरी. सहा महिन्यांपासून नैराश्याची गोळी चालू आहे आणि आता बऱ्यापैकी सावरल्या आहेत. बीपी तपासून झाल्यावर त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यात एका बागेत पन्नासेक चिनी माणसं संथपणे हात हलवत होती आणि खाली लिहिलं होतं, 'औषधाविना नैराश्यमुक्ती'.

"मॅडम, हे केलं तर माझी गोळी बंद होईल का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता आणि त्याचं चुकीचं उत्तर देऊन बसले होते. त्यांना जे सांगितलं ते आज तुम्हालाही सांगते. त्यासाठी आधी माझी गोष्ट सांगावी लागेल. डॉक्टरने स्वतःच्या आजाराबद्दल लिहावं का, यावर मी बराच विचार केला. पण मी पेशंटना रोज म्हणते की यात लाजण्यासारखं काही नाही, मग मीच का लपवू?

सगळे रिपोर्ट नॉर्मल

तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली. शेवटचं दीड वर्ष ती आमच्याकडेच अंथरुणावर होती. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी दवाखाना पुन्हा सुरू केला. सगळे म्हणाले, "कामात राहिलीस की बरं वाटेल." मलाही तसंच वाटत होतं.

मग हळूहळू झोप मोडू लागली. पहाटे तीनला टक्क जाग यायची. जेवणाची चव गेली. छातीवर कुणीतरी पाट ठेवल्यासारखं वाटायचं. मी फिजिशियन आहे, त्यामुळे फिजिशियनने करायचं ते सगळं केलं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, डी-३, शुगर, ईसीजी, टूडी इको. सगळं नॉर्मल. तरीही स्वतःच स्वतःला बी-१२ ची इंजेक्शनं टोचून घेतली. पुढे आम्लपित्ताची गोळी, त्यापुढे "रजोनिवृत्तीचं असेल" हे समाधान.

पाचव्या महिन्यात नवरा म्हणाला, "तू हसलेली मला आठवत नाहीस." त्याने मला माझ्याच वर्गातल्या एका मनोविकारतज्ज्ञ मैत्रिणीकडे नेलं. तिने अर्धा तास ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, हीच तक्रार घेऊन पेशंट आला असता तर दहा मिनिटांत ओळखलं असतंस. स्वतःला ओळखायला पाच महिने?" तिने एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम सुरू केलं आणि दर आठवड्याला बोलायला बोलावलं.

गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी मला सिंगापूरला जावं लागलं. तारीख आधीच ठरलेली होती. मैत्रीण म्हणाली, "जा. गोळ्या मोजून ने, आणि बुधवारी फोन कर."

नातू झाला. नर्सने तो माझ्या हातात दिला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसले, फोटोही काढून घेतला. पण खरं सांगू का? आत काहीच झालं नाही. तीन किलोचं गाठोडं हातात आहे, एवढंच जाणवलं. त्या रात्री मी फार घाबरले. नैराश्य म्हणजे फक्त रडू येणं नव्हे. आनंद दारात येऊन उभा राहतो आणि दार उघडतच नाही, तेही नैराश्यच.

इमारतीखालच्या आंटी

सिंगापूरमध्ये बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माणाच्या उंच इमारतींत राहतात. या इमारतींचा तळमजला बहुतेक मोकळा ठेवलेला असतो. त्याला तिथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे दगडी टेबलं असतात, म्हातारी माणसं गप्पा मारतात, लग्नाचे आणि अंत्यविधीचे मांडवही तिथेच पडतात. मुलीच्या इमारतीखाली रोज सकाळी सात वाजता दहा-बारा ज्येष्ठ नागरिक जमायचे. बहुतेक चिनी वंशाचे, एक-दोन तमिळ. एका छोट्या स्पीकरवर संथ संगीत लागायचं आणि पंधरा मिनिटं ते आठ हालचाली करायचे.

रात्री बाळाचं रडणं आणि पहाटे माझी तीनची जाग, यामुळे सकाळी मी बाळाचे कपडे धुऊन खाली येऊन बसायची. तीन दिवस नुसती बघत होते. चौथ्या दिवशी गट चालवणाऱ्या सत्तरीतल्या आंटी माझ्यापाशी आल्या. (तिथे वयाने मोठ्या कुणालाही आंटी किंवा अंकल म्हणतात.) निवृत्त शाळाशिक्षिका. म्हणाल्या, "बसून काय बघतेस? उभी राहा. चुकलं तरी चालतं."

तो प्रकार होता बादुआनजिन, म्हणजे 'रेशमी कापडाचे आठ तुकडे'. चीनमध्ये बाराव्या शतकापासून त्याचे उल्लेख सापडतात, आणि २००३ मध्ये चीनच्या क्रीडा प्रशासनाने त्याची एक प्रमाणित पद्धत ठरवली. शिकायला ताई-चीपेक्षा बराच सोपा. हालचाली अशा :

१. दोन्ही हातांनी आकाश वर तोलून धरायचं.
२. डावीकडे आणि उजवीकडे धनुष्य ताणायचं.
३. एक तळवा वर, एक खाली दाबायचा.
४. सावकाश मान वळवून मागे पाहायचं.
५. घोड्यावर बसल्यासारखं गुडघ्यांत वाकून डोकं आणि कंबर झुलवायची.
६. पुढे वाकून पायांपर्यंत हात न्यायचे.
७. मुठी आवळून, डोळे वटारून ठोसा मारायचा.
८. टाचा उचलून सात वेळा हलकेच जमिनीवर टेकवायच्या.

सातवी हालचाल आली तेव्हा माझ्या शेजारचे ऐंशी वर्षांचे अंकल पूर्ण गांभीर्याने डोळे वटारून समोरच्या सायकल स्टँडला ठोसे मारत होते. मला हसू आलं. पाच-सहा महिन्यांतलं पहिलं हसू. आंटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छान. हसलीस म्हणजे काहीतरी सुटलं."

'यू' म्हणजे कोंडणं

सुटलं म्हणजे काय? हे समजून घ्यायला मी चिनी वैद्यकाबद्दल वाचू लागले. मी त्या शास्त्रात शिकलेली नाही, हे आधीच सांगते. पण एका गोष्टीने मला थांबवलं. चिनी भाषेत नैराश्याला 'यीयू' म्हणतात. त्यातल्या 'यू' या अक्षराचा वैद्यकातला अर्थ आहे तुंबणं, कोंडणं.

आपल्याही भाषेत हेच नाही का? 'मनाचा कोंडमारा', 'जीव गुदमरतो', 'मन मोकळं कर'. आपली आजी आणि चिनी आजी या बाबतीत एकच बोलतात.

चिनी वैद्यकाची मांडणी थोडक्यात अशी. शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती वाहत असते. आपल्याकडच्या 'प्राण' या कल्पनेशी ती मिळतीजुळती आहे. ती सुरळीत वाहती ठेवण्याचं काम यकृताचं. राग गिळला, दुःख दाबलं, चिंता करत एकाच जागी बसून राहिलं की यकृताची ची तुंबते. मग छाती जड होते, उसासे येतात, घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो, भूक मरते, झोप जाते. चौदाव्या शतकातल्या चू दानशी या प्रसिद्ध वैद्याने (१२८१–१३५८) कोंडण्याचे सहा प्रकार सांगितले : ची, रक्त, ओलसरपणा, उष्णता, कफ आणि अन्न. म्हणजे न पचलेलं अन्न आणि न पचलेलं दुःख त्याने एकाच यादीत बसवलं.

इथे एक खुलासा. चिनी वैद्यकातलं 'यकृत' म्हणजे आपण सोनोग्राफीत बघतो ते यकृत नव्हे. ते एका कार्याला दिलेलं नाव आहे. त्यामुळे 'यकृताची ची तुंबली' हे वाचून एसजीपीटी तपासायला धावू नका. आणि 'ची' कुठल्याही स्कॅनमध्ये दिसलेली नाही. मी ती एक उपमा म्हणून घेते. पण पेशंटच्या तक्रारींचं वर्णन म्हणून ती उपमा अगदी नेमकी आहे.

किती नेमकी, ते एका जुन्या अभ्यासावरून कळतं. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८० मध्ये चीनच्या हूनान प्रांतातल्या रुग्णालयात 'मज्जातंतूंचा अशक्तपणा' असं निदान झालेले १०० रुग्ण तपासले. डोकं दुखतं, झोप नाही, चक्कर येते, अंगात त्राण नाही अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांतल्या ८७ जणांमध्ये आधुनिक निकषांनुसार तीव्र नैराश्य आढळलं. 'मी दुःखी आहे' ही त्यांची मुख्य तक्रार नव्हतीच. त्यांचं शरीर बोलत होतं.

हे वाचून मला माझी ओपीडी आठवली. "मॅडम, गॅस छातीत चढतो." "डोकं भणभणतं." "हातापायांत जीव नाही." किती जणांना मी अँटासिड आणि टॉनिक देऊन घरी पाठवलं असेल? आणि मी स्वतः? बी-१२ ची इंजेक्शनं घेत बसले होते.

जीवन जोपासण्याच्या सवयी

चिनी परंपरेत 'यांगशंग' म्हणजे जीवन जोपासणं अशी कल्पना आहे. औषध पुढची गोष्ट, आधी रोजचं जगणं नीट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगदी नेईजिंग' या ग्रंथात ऋतूंप्रमाणे कसं वागावं हे सांगितलं आहे. वसंतात लवकर उठून केस मोकळे सोडून अंगणात सावकाश फिरावं, हिवाळ्यात लवकर झोपावं आणि सूर्य वर आल्यावर उठावं, असा त्याचा आशय. आपल्या आयुर्वेदातली दिनचर्या आणि ऋतुचर्या आठवली ना? मी आंटींना विचारलं, "सिंगापूरला तर ऋतूच नाहीत, मग तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सूर्य बारा महिने सातलाच उगवतो. म्हणून आम्हीही सातलाच."

त्या गटातल्या लोकांच्या सवयी आणि त्यांवर माझं डॉक्टर म्हणून मत, असं एकेक सांगते.

झोप. रात्री अकराच्या आत दिवा बंद, कारण चिनी कालगणनेत अकराला नवा प्रहर सुरू होतो आणि त्या वेळी शरीराने विसावलेलं असावं असं मानतात. प्रहराचं कारण सोडून द्या, पण झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असणं हे नैराश्यात फार मोलाचं आहे. त्यातही उठण्याची वेळ जास्त महत्त्वाची. रात्र कशीही गेली तरी सकाळी त्याच वेळी उठायचं आणि उजेडात जायचं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं घड्याळ जागेवर येतं.

हालचाल. रोज, थोडी, सावकाश, श्वासाबरोबर. दम लागेपर्यंत नाही. नैराश्यात अंगात त्राण नसतं, अशा वेळी 'जिम लावा' हा सल्ला क्रूर वाटतो. 'उभे राहा आणि हात वर करा' हे जमतं.

जेवण. ताजं, शिजवलेलं, गरम, आणि पोट सत्तर टक्के भरेल इतकंच. आंटींची न्याहारी म्हणजे तांदळाची पातळ पेज, त्यात कधी लाल खजूर तर कधी कमळाचं बी. कोकणातल्या माणसाला ही पेज वेगळी सांगायला नको. गरम पेजेने नैराश्य बरं होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्याची भूक मेली आहे त्याच्या पोटात ठरलेल्या वेळी दोन घास जातात, हे कमी नाही.

पाय शेकणं. रात्री झोपण्याआधी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचं. पाय गरम झाले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरतं आणि झोप लवकर लागायला मदत होते. मात्र मधुमेह असेल आणि पायांना बधिरपणा असेल तर हे करू नका. पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि पाय भाजतो. असे भाजलेले पाय मी पाहिले आहेत. करायचंच तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पाण्यात हात घालून बघावं.

चहा. सुकवलेल्या गुलाबकळ्यांचा किंवा शेवंतीच्या फुलांचा. चव छान. औषध म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. पण दुपारी चौघींनी बसून तो प्यायला तर त्यातल्या 'चौघीं'चा गुण नक्की येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची, कुठल्याही ग्रंथात शोधायला न लागणारी गोष्ट : तुम्ही आला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येतं. मी एक दिवस खाली गेले नाही तर आंटींनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "काल कुठे होतीस?" नैराश्यात माणसाला वाटत असतं की आपण नसलो तरी कुणाला फरक पडणार नाही. त्या एका प्रश्नाने त्या समजुतीला छोटासा तडा जातो.

माझी चूक

चौथ्या आठवड्यात मी सकाळी पाचपर्यंत झोपू लागले. एका दुपारी नातवाने जांभई दिली आणि मला भरून आलं. दार उघडलं होतं.

मी हिशोब केला. गोळी सात आठवड्यांपासून चालू आहे, बादुआनजिन चार आठवड्यांपासून. बरं कधी वाटू लागलं? इथे आल्यावर. म्हणजे गुण कशाचा? आंटींचा. आणि मग मी ते केलं जे केल्याबद्दल मी शेकडो पेशंटना रागावले आहे. कुणालाही न सांगता गोळी बंद केली. बुधवारच्या फोनवर मैत्रिणीला "एकदम छान" म्हणाले.

वस्तुस्थिती अशी आहे की या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे मी बरी होत होते ती अगदी गोळीच्याच वेळापत्रकानुसार. हे मला पाठ आहे. पण स्वतःच्या बाबतीत पाठ असलेलंही आठवत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होऊ लागलं. चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं. गोळी अचानक थांबवल्यावर हे होतं. मी मात्र बाळाच्या जागरणांवर ढकललं. भारतात परतले. आमच्या गच्चीवर रोज सकाळी साडेसहाला आठही हालचाली न चुकता करत होते. तरी तिसऱ्या आठवड्यात पहाटे तीनची जाग परत आली. एका सकाळी गच्चीवर हात आकाशाकडे उचललेले असताना मनात आलं, 'हे सगळं थांबलं तर किती बरं होईल.' हालचालींबद्दल नव्हता तो विचार.

मी हात खाली घेतले, जिना उतरले आणि नवऱ्याला सांगितलं. ते जे सांगितलं, ते माझ्या तीस वर्षांच्या वैद्यकीय आयुष्यातलं मी घेतलेलं सर्वांत चांगलं औषध होतं. त्याच संध्याकाळी मैत्रिणीकडे गेलो. ती रागावली नाही. तिने गोळी पुन्हा सुरू केली आणि एवढंच विचारलं, "त्या आठ हालचाली चालू आहेत ना? त्या बंद करू नकोस."

संशोधन काय सांगतं?

२०२४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात व्यायाम आणि नैराश्य या विषयावरच्या २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात १४,१७० लोक होते. चालणं किंवा जॉगिंग, योग, वजनं उचलण्याचे व्यायाम आणि ताई-ची व चीगाँग (बादुआनजिन हा चीगाँगचाच प्रकार) या सगळ्यांनी नैराश्याची लक्षणं मध्यम प्रमाणात कमी झाली. चालण्याचा आणि योगाचा आकडा ताई-चीपेक्षा थोडा सरसच होता. म्हणजे चिनी हालचालींत काही गुप्त शक्ती आहे असं नाही. तुम्हाला सूर्यनमस्कार जमत असतील तर तेच घाला.

याच आढाव्याने हेही सांगितलं की पुरावा फार भक्कम नाही. त्याचं एक कारण सोपं आहे. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटं चालणं कसं देणार? आपण व्यायाम करतोय हे माणसाला कळतंच, आणि अपेक्षेचाही गुण येतो.

मला जास्त बोलका वाटतो तो २०११ मधला अमेरिकेतला एक अभ्यास. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. हेलन लाव्हरेत्स्की यांनी साठीपुढच्या नैराश्यग्रस्तांना आधी एस्सिटॅलोप्राम दिलं. हेच माझंही औषध. ज्यांना अर्धवट गुण आला अशा ७३ जणांचे दोन गट केले. एका गटाला दहा आठवडे ताई-चीचा एक सोपा प्रकार शिकवला, दुसऱ्या गटाला तितक्याच वेळाचे आरोग्यशिक्षणाचे वर्ग दिले. गोळी दोन्ही गटांत चालूच होती. ताई-चीच्या गटात नैराश्य जास्त उतरलं.

गोळी चालूच होती, हे वाक्य पुन्हा वाचा. मी ते वाचलं असतं तर माझा एक महिना वाचला असता.

पुडीबद्दल सावध

सिंगापूर सोडताना एका शेजाऱ्याने प्रेमाने एक पुडी दिली. वाळलेल्या मुळ्या, साली, वर चिनी लिपीत काहीतरी. मी ती आणली, पण घेतली नाही. हालचाल, झोप, पेज यांत धोका जवळजवळ नाही. काढ्यात आहे. चिनी मिश्रणांत ज्येष्ठमध वारंवार असतो. तो जास्त दिवस घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. 'दांगग्वी' हे मूळ वॉरफॅरिनसोबत घेतलं तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती मिसळली गेली, तेव्हा शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडं खराब झाली. 'नैसर्गिक आहे' म्हणजे निरुपद्रवी आहे असा अर्थ होत नाही. आपल्याकडेही ऑनलाईन 'हर्बल' डबे येतात. घेण्याआधी डबा डॉक्टरांना दाखवा. रागावतील म्हणून लपवू नका.

तुम्ही काय करायचं?

उदासी, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरकडे जा. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि तरीही बरं वाटत नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "हे नैराश्य असेल का?" आम्हीही कधीकधी विसरतो.

गोळी चालू असेल तर ती चालू ठेवा. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने ती घ्यावी लागते आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवत बंद करायची असते. बरं वाटणं हा गोळी काम करत असल्याचा पुरावा आहे, ती नको असल्याचा नव्हे.

तिच्या जोडीला उद्यापासून एक गोष्ट सुरू करा. एकच. ठरलेली वेळ, उघडी जागा, पंधरा मिनिटं, आणि शक्यतो एक तरी सोबती. गच्ची, सोसायटीची बाग, शाळेचं मैदान, काहीही चालेल. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून हात तेवढे हलवा. तोल जात असेल तर भिंतीजवळ उभे राहा. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकणं आणि टाचा आपटणं टाळा. एखाद्या दिवशी जमलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जा.

आणि जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तरी तो लगेच कुणाला तरी सांगा. घरात सांगता येत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

त्या बँकेतल्या बाईंना मी हेच सांगितलं, माझ्या गोष्टीसकट. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गोळीपण आणि हातपण."

"हो. गोळीपण आणि हातपण."

परवा त्या पुन्हा आल्या होत्या. बिल्डिंगमधल्या दोघींना घेऊन रोज सकाळी गच्चीवर जातात. सातव्या हालचालीला तिघींनाही हसू आवरत नाही म्हणे. माझी गोळी मी ठरलेल्या मुदतीनंतर, मैत्रिणीच्या देखरेखीखाली, तीन महिने हळूहळू कमी करत बंद केली. आठ हालचाली अजून चालू आहेत. रविवारी व्हिडिओ कॉलवर अडीच वर्षांचा नातूही मुठी आवळून डोळे वटारतो. आता मात्र तो समोर आला की आत सगळं होतं.

काळजी घ्या. स्वतःची, आणि शेजारच्या दाराआड गप्प झालेल्या माणसाचीही.